प्राध्यापक परीक्षेला बसतात

श्रोतेहो, परीक्षा कोण घेतो आणि कोण देतो, हे तुम्हां-आम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे. गुरुजी विचारतात, मुले सांगतात. आले तर शाबासकी, नाही आले तर उभे राहा! पण समजा, एखाद्या दिवशी हे सगळे उलटे झाले. गुरुजींनाच बाकावर बसवले, सारा गाव समोर जमला, आणि कुणीतरी म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही द्या उत्तर." मग हो?

असा प्रसंग मोठमोठ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांवर आलेला आहे. आणि तोही एका गावासमोर नव्हे, तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत. त्या प्रसंगांचा इतिहास आज सांगायचा आहे. तो गमतीचा आहे, आणि एका ठिकाणी मान खाली घालायला लावणाराही आहे. उमरी, भोकर, धर्माबाद इकडच्या शाळांत सामान्यज्ञानाच्या स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तो जरूर ऐकावा.

विद्वानांनी लोकांसमोर परीक्षा द्यावी, ही कल्पना मुळात परदेशातली नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेची कथा आहे. राजाने हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येक गाईच्या शिंगांना सोने बांधले, आणि म्हटले, तुमच्यात जो सर्वांत मोठा ज्ञानी असेल त्याने या गाई न्याव्यात. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. याज्ञवल्क्य मात्र आपल्या शिष्याला सरळ म्हणाला, "बाळ, हाक या गाई घरी!" मग काय विचारता! एकामागून एक पंडित उठले. गार्गी तर दोनदा उठली. शेवटी शाकल्य नावाच्या पंडिताला उलट प्रश्न आला, त्याला उत्तर देता आले नाही आणि त्याचे मस्तक गळून पडले, असे उपनिषद सांगते. पैज गाईंची होती. पणाला लागली होती ती अब्रू.

आणि आपले कलगी-तुरेवाले शाहीर? कलगीवाले शक्तीचा मोठेपणा सांगणार, तुरेवाले शिवाचा. एकाने डफावर थाप मारून कूट घालायचे, दुसऱ्याने ते गाण्यातच सोडवायचे. त्यांतले कित्येक शाळेची पायरी चढलेले नसत. पण भर सभेत प्रश्न झेलण्याची हिंमत त्यांच्यापाशी होती, आणि सभा त्यांना त्यासाठीच मान देई.

आता आधुनिक काळाकडे येऊ. पहिला मान आमच्या नभोवाणीचा. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1941 साली लंडनच्या बीबीसीने एक कार्यक्रम सुरू केला. पुढे तो 'ब्रेन्स ट्रस्ट' या नावाने गाजला. श्रोत्यांनी पत्राने प्रश्न पाठवायचे आणि विद्वानांनी तिथल्या तिथे उत्तरे द्यायची. जीवशास्त्राचे ज्युलियन हक्सले त्यात असत, तत्त्वज्ञानाचे जोड असत. जोड यांची एक लकब होती. प्रश्न कोणताही असो, ते आधी म्हणायचे की, तुम्ही या शब्दाचा अर्थ काय घेता, त्यावर उत्तर अवलंबून आहे. लोक हसत, पण हसता हसता शब्द तपासून घेण्याची सवय त्यांनाही लागली असेल. दुर्दैव असे की, 1948 साली हेच जोडसाहेब आगगाडीत विनातिकीट सापडले! दंड झाला दोन पौंड. पण बीबीसीने त्यांना कायमचे बाहेर ठेवले. ज्याच्या तोंडून लोक नीतीचे विवेचन ऐकत होते, त्याने तिकिटाचे चार पैसे चुकवावेत, हे लोकांना सोसले नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे ती उपयोगी पडेल.

यानंतर दूरचित्रवाणी आली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मोठे वस्तुसंग्रहालय आहे. त्याचे संचालक फ्रोलिच रेनी यांनी 1951 साली एक खेळ काढला. संग्रहालयाच्या कोठारातून एखादी विचित्र वस्तू आणायची, तीन-चार तज्ज्ञांपुढे ठेवायची आणि म्हणायचे, ओळखा पाहू! वस्तू कोणती, हे पाहणाऱ्यांना आधीच सांगितलेले असे. ठाऊक नसे ते फक्त प्राध्यापकांना. तीच कल्पना बीबीसीने उचलली आणि 1952 साली 'ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?', म्हणजे 'प्राणी, वनस्पती की खनिज?' हा कार्यक्रम सुरू झाला. केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ ग्लिन डॅनियल अध्यक्षस्थानी असत. एखादे संग्रहालय आव्हान देई आणि तीन विद्वान ते स्वीकारीत.

या विद्वानांत एक होते सर मॉर्टिमर व्हीलर. हे नाव तुम्हांला परके वाटायला नको. 1944 ते 1948 या काळात हेच व्हीलर आपल्या देशाच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. तक्षशिलेला शिबिर भरवून त्यांनी इकडच्या तरुणांना उत्खननाचे शास्त्र शिकवले. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला रोमन बनावटीची खापरे मातीच्या कोणत्या थरात सापडतात, हे पाहून त्यांनी दक्षिणेकडच्या जुन्या वस्त्यांचा काळ ठरवण्याची वाट दाखवली. आपल्या गावाच्या पांढरीत नांगराला लागणारे खापर आपण बांधावर फेकून देतो; तेच खापर हाती घेऊन हा माणूस इतिहास वाचायचा.

तर असे हे व्हीलर पडद्यावर वस्तू हातात घेत. मिशीवर बोट फिरवीत, ती वस्तू उलटसुलट करीत, वजन पाहत, कडेवरून अंगठा फिरवीत. "हे हाड नव्हे. शिंग असावे. मूठ इथे धरलेली दिसते, म्हणजे हत्यार आहे. पण धार नाही, म्हणजे हत्यार नाही!" असा काहीसा त्यांचा विचार सर्वांसमक्ष चाले. कधी उत्तर बरोबर येई, कधी साफ चुके. शेजारचा विद्वान तावातावाने विरोध करी. घरात चहा घेत बसलेल्या माणसाला खरे उत्तर ठाऊक असे, आणि तो या थोर मंडळींची त्रेधा पाहून खुदुखुदु हसे.

आता मला सांगा, या हसण्याने विद्वानांची किंमत उतरली काय? मुळीच नाही. 1954 साली व्हीलर यांना ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवरील वर्षाची सर्वश्रेष्ठ व्यक्ती म्हणून गौरवण्यात आले, आणि 1955 साली तोच मान ग्लिन डॅनियल यांना मिळाला. नट नव्हे, गवई नव्हे, जमीन खणणारे प्राध्यापक! लोकांना नुसते उत्तर नको होते. ज्ञानी माणूस उत्तरापर्यंत कसा चालत जातो, कुठे ठेचकाळतो, कसा परत फिरतो, हे त्यांना पाहायचे होते.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. स्थळ न्यूयॉर्क, साल 1956. तिथे 'ट्वेन्टी-वन' नावाची प्रश्नोत्तरांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर होत असे. दोन स्पर्धक दोन काचेच्या खोल्यांत उभे करायचे, कानांना श्रवणयंत्रे लावायची, म्हणजे एकाचे दुसऱ्याला ऐकू येऊ नये. एक ते अकरा गुणांचे प्रश्न; जो एकवीस गुण आधी गाठील तो जिंकला. बक्षीस हजारो डॉलरांचे. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक गरीब घरचा, सैन्यातून आलेला विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याच्यासमोर चार्ल्स व्हॅन डोरेन हा तरुण आणला गेला. हा कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचा अध्यापक. वडील मार्क व्हॅन डोरेन हे नामांकित कवी आणि त्याच विद्यापीठात प्राध्यापक. दिसायला देखणा, बोलायला नम्र. 5 डिसेंबर 1956 रोजी त्याने स्टेम्पेलला हरवले. पुढच्या मार्चपर्यंत तो खेळत राहिला आणि त्याने 1,29,000 डॉलर मिळवले. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले. आईबाप मुलांना सांगू लागले, बघ, अभ्यास केला की असे होता येते!

आणि हे सारे खोटे होते. प्रश्न त्याला आधी मिळत होते, उत्तरेही मिळत होती. कुठे थांबायचे, कुठे ओठ चावायचा, कपाळावरचा घाम केव्हा टिपायचा, याच्यासुद्धा तालमी होत होत्या. स्टेम्पेलला तर हरण्याचा हुकूम होता. 1955 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता, हा प्रश्न त्याला आला. उत्तर होते 'मार्टी'. तो त्याचा स्वतःचा आवडता चित्रपट. तरी त्याला मुद्दाम चुकीचे नाव सांगावे लागले.

अखेर वाचा फुटली. स्टेम्पेल बोलला; पण त्याचा मत्सर असेल, असे म्हणून लोकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे स्नॉडग्रास नावाच्या दुसऱ्या एका स्पर्धकाने भक्कम पुरावा पुढे आणला. त्याला मिळालेली उत्तरे त्याने कार्यक्रमाच्या आधीच कागदावर लिहून, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवून ठेवली होती! पाकीट बंद, टपालाचा शिक्का आधीच्या तारखेचा. त्यापुढे काय बोलणार? 2 नोव्हेंबर 1959 रोजी व्हॅन डोरेन याने अमेरिकन लोकसभेच्या समितीपुढे सर्व कबूल केले. विद्यापीठाची नोकरी गेली, दूरचित्रवाणीची गेली. 1960 साली अमेरिकेने कायदा करून अशा लबाडीला बंदी घातली.

त्या कबुलीतली एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ऐकण्यासारखी आहे. हा सुशिक्षित, सुखवस्तू तरुण या फंदात पडला कसा? त्याने सांगितले की, कार्यक्रमाच्या निर्मात्याने त्याला असे पटवले: तू जिंकलास तर शिक्षकांची प्रतिष्ठा वाढेल, लोकांना विद्येची गोडी लागेल. म्हणजे पाहा, विद्येच्या भल्यासाठी म्हणून विद्येशी बेइमानी! पैशाचा मोह माणूस ओळखू तरी शकतो. चांगल्या कामाचा बुरखा घालून आलेला मोह ओळखणे कठीण.

लंडनचे व्हीलर चुकले आणि लोकांचे लाडके झाले. न्यूयॉर्कचा व्हॅन डोरेन बरोबर उत्तरे देऊन नाव घालवून बसला. यावरून एवढेच दिसते की, लोक विद्वानाकडे बिनचूकपणा मागत नाहीत, खरेपणा मागतात. जोडसाहेबांच्या तिकिटाची गोष्टही हेच सांगते.

आपल्या देशात दूरचित्रवाणी 1959 साली दिल्लीत आली, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी. 1985 साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम'ने महाविद्यालयीन मुलांना वेड लावले. 2000 साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, आणि पहिला कोट्यधीश ठरला मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, हा मराठी तरुण. 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे त्यांचे काम, महिना दीड हजार रुपये मानधन. ज्ञान काही पगडी पाहून डोक्यात शिरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र 'माहिती' आणि 'विद्या' यांतले अंतर विसरू नये. उमरीचेच उदाहरण घ्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी कोणत्या दिवशी लुटली? 30 जानेवारी 1948. बरोबर! एक गुण! स्पर्धेत प्रश्न इथे संपतो. वर्गात तो इथे सुरू व्हायला हवा. कायदा पाळणाऱ्या घरांतली माणसे बँक लुटायला का निघाली? त्या काळी निजामी राजवटीत आणि रझाकारांच्या अमलात गावोगाव काय चालले होते? लढ्याला पैसा कुठून येई, आणि तो कशावर खर्च होई? त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ती बातमी इकडे पोचली तेव्हा लोकांना काय वाटले असेल? या प्रश्नांना घंटी वाजायच्या आत उत्तर देता येत नाही. त्यासाठी म्हातारी माणसे शोधावी लागतात, त्यांच्या घरातले कागद पाहावे लागतात, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो जुळवावा लागतो. व्हीलर खापर हातात घेऊन जे करीत, तेच हे काम.

प्राध्यापक म्हटले की नांदेडकडच्या माणसाला नरहर कुरुंदकर आठवतात. पीपल्स कॉलेजचे हे गुरुजी 1982 साली गेले. पण त्यांची व्याख्याने ऐकलेले लोक अजून त्यांविषयी बोलतात. परीक्षांनी त्यांना विद्यार्थिदशेत फारशी साथ दिली नव्हती. तरी गावोगावचे लोक त्यांना ऐकायला जमत, ते आपल्यासमोर विचार घडताना दिसतो म्हणून. मताशी भांडावे, पण माणसावर विश्वास ठेवावा, असे ते नाते होते.

तेव्हा शिक्षकहो, शाळेत प्रश्नमंजूषा अवश्य घ्या. मुलांना चुरस हवी असते, त्यात त्यांची स्मरणशक्ती तरतरीत होते. पण एक करून पाहा. वर्षातून एकदा बाकावर तुम्ही बसा आणि मुलांना विचारू द्या. ती पांढरीतले खापर आणतील, ओढ्यातला गोटा आणतील, आजीच्या पेटीतले नाणे आणतील. ओळखता आले तर कसे ओळखले ते बोलून दाखवा. नाही आले तर स्वच्छ सांगा, "बाळांनो, हे मला ठाऊक नाही. चला, आपण शोधू." जनकाच्या सभेत उत्तर चुकले तर मस्तक जात होते. तुमच्या वर्गात तसे काही होणार नाही. उलट, त्या दिवसापासून तुम्ही जेव्हा एखादी गोष्ट ठामपणे सांगाल, तेव्हा ती खरी आहे, हे मुलांना न सांगता कळेल.