हळदीचा रंग आणि पाण्यातली साक्ष

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, जिथे वारणा कृष्णेला येऊन मिळते त्या हरिपूर गावी, हळदीचे पेव उघडण्याचा एक जुना शिरस्ता होता. तीन-चार पुरुष खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी ऐसपैस अशा त्या खड्ड्यांत कधी कधी वर्षानुवर्षे कोंडलेल्या मालाने आतली हवा खाऊन टाकलेली असे. म्हणून झाकण काढल्याबरोबर कोणी हमाल आत उतरत नसे. तोंड काही काळ मोकळे ठेवून, वारा खेळू देऊन, मग दोरीला बांधलेला कंदील आधी खाली सोडीत, आणि तो तेवत राहिला तरच माणूस त्याच्यामागून जाई. माणसाच्या जिवावर बेतू शकणारी गोष्ट आधी दुसऱ्या कशावर तरी घालून पाहावी, ही अक्कल या मुलखात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी आलेली होती, हे पुढील हकिकत वाचताना ध्यानात ठेवावे.

१८०१ साली मिरजेच्या पटवर्धनांच्या घरातून विभक्त होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीस आपली गादी केली. त्या संस्थानी पेठेचे पुढे हळदीच्या पेठेत जे रूपांतर झाले, त्यास कृष्णाकाठची जमीन जितकी कारण, तितकीच हरिपूरची ती पेवेही कारण झाली. व्यापाऱ्यांचा असा अनुभव की पेवातल्या हळदीला कीड लागत नाही आणि तिचा रंग उलट खुलतो. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्याचा जुना जिल्हा दुभंगून उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन झाले, आणि दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले, म्हणजे ज्या दोन गावांचा उल्लेख येथे जोडीने येणार आहे, त्यांच्या जिल्ह्यांच्या नावांत १९६० पर्यंत सातारा हा शब्द सामाईक होता.

हळदीच्या सौद्यात अडत्याचा डोळा हाच मुख्य दाखला. हळकुंड दोन बोटांत धरून मोडायचे, मोडताना कसा आवाज येतो ते ऐकायचे, आणि मोडलेल्या गाभ्यातला तांबूसपिवळा रंग उन्हाकडे धरून पाहायचा, एवढ्यावर भाव ठरे. परंतु शेतातून निघालेली हळद अशी देखणी नसते. ती काहिलीत शिजवावी लागते, अंगणात दहा-पंधरा दिवस उन्हात पसरावी लागते, आणि वाळल्यावर तिच्या अंगावरची खरबरीत साल व मुळ्या घासून काढण्यासाठी ती पिंपात घालून फिरवावी लागते. याला पॉलिश म्हणतात. पॉलिश करताना वरून थोडी हळदपूड, तुरटी आणि एरंडीचा अंश शिंपडला की हळकुंड तकाकते. यात गैर काहीच नव्हते, लग्नघरी नवरीला हळद लावावी तसे ते हळदीलाच हळद लावणे होते. गैर तेव्हा झाले, जेव्हा त्या पुडीच्या जागी स्वस्त आणि अधिक भडक अशी दुसरी पिवळी पूड येऊन बसली. देशोदेशींच्या हळदीत ही पूड वेळोवेळी सापडली आहे. तिचे नाव लेड क्रोमेट. चित्रकाराला ती क्रोम यलो म्हणून परिचित. तिच्यातला क्रोमियम हा धातू व्होकलँ या फ्रेंच रसायनज्ञाने १७९७ साली सैबेरियातल्या एका तांबड्या खनिजात ओळखला. तिच्यातले शिसे किती विषारी हे वैद्यांना त्याच्याही आधी ठाऊक होते.

भुकटीच्या बाबतीत तर डोळ्याची साक्ष मुळीच उपयोगी नव्हती, कारण तेथे मोडून पाहायला हळकुंडच उरलेले नव्हते. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढल्यावर, आणि पीटर ग्रीसच्या १८५८ मधील शोधाने अॅझो रंगांचा मार्ग मोकळा झाल्यावर, कापडासाठी जन्मलेले रंग मिठाईच्या कढईत उतरायला फारसा विलंब लागला नाही. त्यांतलाच मेटॅनिल यलो. तो आपल्याकडे अन्नास कधीही मान्य नसलेला, आणि तरीही भेसळीच्या खटल्यांत वारंवार हजर होणारा. येथे आपल्या घरातल्या बायकांच्या रसायनाची आठवण होते: हळदीच्या पुडीस टाकणखार आणि लिंबाचा रस लावून कुंकू करणाऱ्या आज्यांना पिवळ्याचे तांबडे करण्याची युक्ती अवगत होती, आणि कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे तर प्रत्येकीने पाहिलेले होते. तपासनिसाची कसोटी त्याच जातीची आहे. पुडीवर मिठाचे तीव्र आम्ल (हायड्रोक्लोरिक) टाकले की शुद्ध हळदही गुलाबी होते. पण पाणी घातल्यावर तो गुलाबीपणा मावळतो, आणि मेटॅनिल यलो असल्यास तो ठाण मांडून बसतो.

कायद्याने हे प्रकरण हाती घेतले ते टप्प्याटप्प्याने. मुंबई इलाख्याचा भेसळप्रतिबंधक कायदा १९२५ चा, साऱ्या देशाचा १९५४ चा, आणि आजचा अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. आजमितीस आठ कृत्रिम रंगांना मुभा आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि त्यांतल्या बहुतेकांत किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. साताऱ्याचा कंदी पेढा या मर्यादेकडे मान वर करून पाहू शकतो, कारण त्याचा खरपूस वर्ण दूध आटवून आणि खवा भाजूनच येतो. परंतु १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीस याच साताऱ्यात आणि सांगलीत जी जिलबीची दुकाने रस्तोरस्ती मांडली जातात, तेथला केशरी रंग केशराचा नाही हे विकणाराही जाणतो आणि घेणाराही.

आता प्रश्न असा की एखादा रंग किती मात्रेत अपाय करतो हे ठरवायचे कसे. लखनौला १९६५ साली स्थापन झालेल्या विषविज्ञान संशोधन केंद्रात उंदरांवर अशा रंगांचे प्रयोग झाले. पण उंदीर पाळणे खर्चाचे आणि वेळखाऊ. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेला परवडेल असा साक्षीदार डबक्यात होता. यान स्वामरडाम या डच निरीक्षकाने १६६९ मध्ये ज्याला झाडासारख्या फांद्या असलेली पाण्यातली पिसू म्हटले, ती पाणपिसू, म्हणजेच डॅफ्निया. पिसवांशी तिचे काही नाते नाही, नाते आहे ते खेकड्याझिंग्यांशी. भिंगाखाली ती प्रथम पाहिली तेव्हा मी रंगाचा विषय क्षणभर विसरलो: काचेसारख्या पारदर्शक कवचातून धडधडणारे हृदय, हिरव्या शेवाळाने भरलेले वळणदार आतडे, आणि पाठीशी असलेल्या कप्प्यात दाटीने बसलेली पिल्ले, हे सारे काहीही न कापता दिसत होते. अनुकूल काळात ती नराविना मादीच प्रसवते, त्यामुळे एका आईची सारी पोरे एकाच साच्यातली. परीक्षकाला आणखी काय हवे?

स्वीडनच्या नाउमानने १९३० नंतरच्या दशकात तिला प्रयोगाचा प्राणी म्हणून पुढे आणले, अमेरिकेत अँडर्सनने १९४४ मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातील द्रव्ये तिच्यावर तपासली, आणि पुढे आंतरराष्ट्रीय शिरस्ता ठरला. चोवीस तासांहून लहान पिल्ले घ्यायची, द्रव्याच्या चढत्या मात्रेची भांडी मांडायची, प्रत्येक मात्रेस वीस जीव, आणि ४८ तासांनी भांडे हळूच हलवून पाहायचे: पंधरा सेकंदांत जी पोहली नाही ती निश्चल म्हणून वहीत नोंदवायची. निम्मी निश्चल होतात ती मात्रा हा निकाल. पिल्लांची प्रकृती ठीक आहे ना, याची रुजवात पोटॅशियम डायक्रोमेटने करतात, लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान चोवीस तासांत निम्मी निश्चल व्हावीत, असा दंडक आहे. हळदीच्या पॉलिशमध्ये चोरून शिरलेला क्रोमियम येथे परीक्षकाच्या हातचे माप होऊन बसतो, हा योगायोग मला फार मौजेचा वाटतो.

पण या साक्षीवर वाजवीपेक्षा अधिक भार टाकू नये. मान्य रंगांपैकी बरेचसे पाण्यात सहज विरघळणारे आहेत, आणि दोन दिवसांत पाणपिसूला निश्चल करण्यास त्यांची मात्रा बहुधा ताटातल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त लागते. म्हणून २१ दिवस ठेवून पिल्लांची संख्या घटते काय हे पाहणारी दुसरी, संथ परीक्षा अधिक बोलकी. शिवाय तिला आतडे असले तरी आपले यकृत नाही. माझ्या मते तिला माणसाची मुखत्यार समजण्यातच चूक आहे. काहिलीचे आणि पिंपांचे धुणे, जिलबीच्या परातींचे पाणी, हे सारे ज्या ओढ्यांनी कृष्णेस जाते, तेथे ती स्वतःच फिर्यादी आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. त्याचे खापर हळदीवर फोडण्याचे काही कारण नाही, पण मासा मरून तरंगतो तो दिसतो, आणि त्याआधी त्याचे अन्न असलेली पाणपिसू तळाशी गेलेली असते ती दिसत नाही.

हरिपूरची पेवे २००५ च्या महापुराने बुडवली आणि बहुतेक कायमची निकामी झाली. हळद आता गोदामांत राहते, आधी कंदील सोडून पाहण्याची गरज उरली नाही. पाणपिसूच्या परीक्षेत मात्र आणखी एक भांडे मांडावेच लागते, ज्यात रंग नाही, औषध नाही, निव्वळ पाणी. त्या पाण्यात शंभरात दहांहून अधिक जीव निश्चल झाले तर बाकीच्या भांड्यांची टिपणे फाडून टाकावी लागतात, आणि बादली घेऊन दुसरे पाणी शोधायला निघावे लागते. कृष्णाकाठी राहूनही नदीकडे पाठ करून.