प्रथिनांचे स्फटिक आणि दोन काचा

मोरचुदाचा स्फटिक वाढवताना भांडे कोणते घ्यावे, याचा आपण फारसा विचार करीत नाही. बीकर नसला तर चहाचा काचेचा ग्लासही चालतो. प्रथिनांचे तसे नाही. पेशीपटलात बसलेल्या प्रथिनांच्या बाबतीत तर नुसते भांडे चुकल्याने महिन्यांचे काम वाया गेलेले आम्ही पाहिले आहे.

१८४० साली ह्यूनेफेल्ड या जर्मन संशोधकाने गांडुळाचे रक्त दोन काचपट्ट्यांमध्ये दाबले आणि सावकाश सुकू दिले. सूक्ष्मदर्शकाखाली चपटे स्फटिक दिसले. ते हिमोग्लोबिनचे होते. प्रथिनाच्या स्फटिकाची ही पहिली प्रसिद्ध नोंद मानली जाते. तत्त्व साधेच होते: पाणी हळूहळू कमी झाले, द्रावण अतिसंपृक्त झाले आणि रेणू रांगेने बसले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तत्त्व थेंबावर आले. लिनब्रो नावाची २४ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट मुळात पेशी वाढवण्यासाठी होती. स्फटिकशास्त्रज्ञांनी ती उसनी घेतली, ती कायमचीच! खळग्यात क्षाराचे तीव्र द्रावण घालायचे. कव्हरस्लिपवर प्रथिन आणि तेच द्रावण निम्मे-निम्मे मिसळून काही मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, ती उलटी करून खळग्यावर बसवायची आणि कड ग्रीसने बंद करायची. थेंबातले पाणी वाफेच्या रूपाने खालच्या द्रावणाकडे जाते आणि थेंब दिवसेंदिवस घट्ट होत जातो.

पेशीपटलातील प्रथिनांनी या व्यवस्थेत घोटाळा केला. त्यांचा मधला भाग स्निग्ध पदार्थांत राहणारा असल्याने ती पाण्यात नुसती विरघळत नाहीत; त्यांना साबणासारख्या अपमार्जकाचे वेष्टन द्यावे लागते. अपमार्जक पाण्याचा पृष्ठताण जवळपास निम्म्यावर आणतो, आणि लटकता थेंब तर पृष्ठताणाच्याच आधाराने लटकलेला असतो. तो पसरतो, ग्रीसला टेकतो किंवा खाली गळतो. आमच्या पहिल्याच प्लेटमधले निम्मे थेंब दुसऱ्या दिवशी खळग्यात उतरले होते, आणि आठवडाभर आम्ही दोष प्रथिनाला देत होतो. म्हणून बैठ्या थेंबाची प्लेट बरी. तिच्या खळग्यात एक छोटा ओटा असतो. त्याच्या खोलगट माथ्यावर थेंब ठेवला की पसरला तरी तो कडेच्या आत राहतो.

हार्टमुट मिशेल यांनी अपमार्जकाबरोबर हेप्टेनट्रायॉल हा छोटा रेणू वापरून जीवाणूतील प्रकाशसंश्लेषण केंद्राचे उत्तम स्फटिक मिळवले आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. डायझेनहोफर आणि ह्यूबर यांच्यासह त्यांना १९८८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हे प्रथिन रंगीत आहे, गांडुळाचे हिमोग्लोबिनही रंगीत होते. रंगीत स्फटिक कसल्याही भांड्यात दिसतो. बहुतेक प्रथिने मात्र रंगहीन असतात.

ही अडचण १९९६ नंतर फार जाणवू लागली. त्या वर्षी लांडाऊ आणि रोझेनबुश यांनी प्रथिन मोनोओलीन या स्निग्ध पदार्थात मिसळून स्फटिक वाढवण्याची रीत दिली. हे मिश्रण टूथपेस्टसारखे घट्ट असते आणि त्यातले स्फटिक काही मायक्रॉनचेच असू शकतात. असे रंगहीन कण शोधायला ध्रुवीत प्रकाश लागतो. आता प्लास्टिकची पारदर्शक पट्टी दोन पोलरॉइडांच्या मध्ये धरून पाहा. पट्टीतच रंगीबेरंगी पट्टे उमटतील. प्लेटचे प्लास्टिकही असेच चमकले, तर त्यात स्फटिक कुठे शोधायचा? शिवाय प्लास्टिकमधून थोडे पाणी निसटते. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण इथे पेस्टचा थेंब असतो अवघा ५० नॅनोलिटरचा.

चेरेझोव्ह आणि कॅफ्रे यांनी २००३ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. खाली काच, वर पातळ काच आणि मध्ये भोके पाडलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. पेस्ट दोन काचांमध्ये दाबली जाऊन चपटी होते, त्यामुळे भिंगाखाली सगळी एकदम स्पष्ट दिसते. कोबिल्का, स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ॲड्रिनॅलिनच्या एका ग्राहीची रचना उलगडली, ती मोनोओलीनमध्ये वाढवलेल्या स्फटिकांवरून. २०१२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये कोबिल्का भागीदार होते.

या काचांचा एक जाच आहेच. स्फटिक दिसला तरी तो बाहेर काढायला वरची काच कटरने कापावी लागते, आणि तेवढ्या वेळात उघडी पेस्ट सुकू लागते. त्यामुळे आम्ही आधी काचेच्या प्लेटमध्ये योग्य द्रावण शोधतो. पुढे मोठे स्फटिक काढायचे असले, की कित्येकदा मुकाट्याने प्लास्टिककडे वळतो.