एका तासासाठी बनवलेली सायकल



आजच्या भागाची नायिका एक सायकल आहे. वजन साधारण पावणेसहा किलो. गिअर एकच. ब्रेक नाहीत. आणि तिच्याकडून अपेक्षा एवढीच, की तिने फक्त एक तास चालावं. त्यानंतर ती मोडली असती तरी बनवणाऱ्याची काही तक्रार नव्हती.

ही सायकल १९७२ मध्ये इटलीत, मिलानजवळच्या कांबियागो नावाच्या गावात एका कारागिराने हाताने बनवली. कारागिराचं नाव एर्नेस्तो कोल्न्यागो आणि गिऱ्हाईक होतं बेल्जियमचा एडी मर्क्स. त्या काळात मर्क्स म्हणजे सायकल शर्यतींमधला शेवटचा शब्द. फ्रान्सची शर्यत त्याची, इटलीची शर्यत त्याची, एका दिवसाच्या मोठ्या शर्यतीही त्याच्याच.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या मोठ्या खेळाडूला सायकल बनवून घ्यायची काय गरज? कुठलीही कंपनी त्याला हवी ती सायकल फुकट देईल की! इथेच तर सगळी गोष्ट आहे.

माप देऊन शिवलेली फ्रेम

तयार शर्ट आणि शिंप्याकडे माप देऊन शिवलेला शर्ट, यातला फरक आपल्याला माहीत आहे. सायकलच्या फ्रेमचंही तसंच असतं. दुकानात तीन-चार साइझ असतात, त्यातल्या एकीत तुम्ही स्वतःला बसवून घेता. पण शरीरं काही तीन-चार साइझची नसतात. एकाचे पाय लांब, धड आखूड. दुसऱ्याचे हात लांब, खांदे अरुंद. बनवून घेतलेल्या फ्रेममध्ये आधी या सगळ्याची मापं घेतात, मग कागदावर आराखडा येतो, आणि नंतर नळ्या कापल्या जातात.

त्या काळी नळ्या पोलादाच्या असत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १८९७ मध्येच एका युक्तीचं पेटंट घेतलं होतं. नळी बाहेरून सगळीकडे सारखीच दिसायची, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ. जोड टोकाला येतो, ताण आणि उष्णता तिथे जास्त, म्हणून धातू तिथे हवा. मध्ये तो नुसतं वजन वाढवतो. इटलीत असं काम मिलानच्या कोलुंबुस कंपनीच्या नळ्यांवर चालायचं.

या नळ्या जोडायच्या म्हणजे ब्रेझिंग करायचं. आपल्याकडे भांड्याला डाख देतात ना, त्याच जातीचं हे काम, फक्त तापमान बरंच जास्त. दोन नळ्या एका पोकळ सांध्यात घालायच्या, ज्योतीने तापवायच्या, आणि वितळलेलं पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू त्या फटीत ओढला जाऊ द्यायचा. उष्णता कमी पडली तर जोड कच्चा राहतो, जास्त झाली तर पातळ पोलादाची ताकद जाते. हे सगळं कारागिराला रंगावरून, नजरेनेच ओळखावं लागतं.

कोल्न्यागोची नजर अशीच होती. १९५४ मध्ये त्याने कांबियागोमध्ये स्वतःचं छोटंसं वर्कशॉप काढलं. पुढच्याच वर्षी नामवंत रेसर फिओरेंझो मान्यी याच्या पायाच्या दुखण्याचं कारण त्याने शोधलं. सगळे पायाकडे बघत होते, याने सायकलकडे पाहिलं. एका बाजूचा क्रँक नीट बसलेला नव्हता. तो सरळ केला, दुखणं कमी झालं, मान्यी त्याला मेकॅनिक म्हणून इटलीच्या शर्यतीला घेऊन गेला आणि ती शर्यत जिंकलासुद्धा. दुखणं माणसाचं, दोष यंत्राचा. कोल्न्यागोच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा इथून ठरली असं म्हणता येईल.

मर्क्सची पाठ

आता मर्क्सकडे येऊ. सप्टेंबर १९६९, फ्रान्समधलं ब्लुआ शहर. ट्रॅकवरची एक शर्यत, ज्यात सायकलस्वारांच्या पुढे हलकी मोटारसायकल धावते. अपघात झाला. मर्क्सच्या पुढचा चालक जागीच गेला. मर्क्स बेशुद्ध पडला, पाठीच्या मणक्याला आणि कमरेला मार बसला. तो त्यातून उठला, पुढेही जिंकतच राहिला, पण सायकलवर बसणं पुन्हा कधी पहिल्यासारखं सुखाचं झालं नाही.

त्यानंतर त्याला एक सवय लागली. सीट जरा वर, जरा खाली, जरा मागे. शर्यत चालू असतानासुद्धा तो पाना मागून सीटची उंची बदलायचा. लोकांना तो हट्ट वाटायचा, पण खरं तर तो दुखणाऱ्या शरीरासाठी जागा शोधत होता. अशा माणसाला दुकानातल्या साइझचा काय उपयोग? त्याला फ्रेम बनवून घेणं ही चैन नव्हती, तो इलाज होता.

१९७१ पासून मर्क्स मोल्तेनी या इटालियन संघाकडून खेळत होता. संघाची मालक कंपनी सॉसेज आणि सलामी बनवणारी! आणि याच संघाचं सायकलींचं काम कोल्न्यागोकडे होतं. असे हे दोघे एकत्र आले.

कशासाठी? एका तासासाठी

सायकलिंगमध्ये एक फार साधा विक्रम आहे. ट्रॅकवर एकट्याने सायकल चालवायची. एका तासात किती अंतर कापलं, तेवढंच मोजायचं. पहिला अधिकृत विक्रम १८९३ मध्ये पॅरिसला आँरी देग्रांज याने केला होता, ३५.३२५ किलोमीटरचा. हाच देग्रांज पुढे १९०३ मध्ये फ्रान्सची मोठी शर्यत, टूर द फ्रान्स, सुरू करणारा. मर्क्सच्या वेळी विक्रम होता डेन्मार्कच्या ओले रिटरचा, १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत केलेला, ४८.६५३ किलोमीटरचा.

मर्क्सनेही मेक्सिको सिटीच निवडली. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच आहे. तिथली हवा साधारण पाचव्या हिश्शाने विरळ, म्हणजे समोरून अडवणारी हवा कमी. पण बरं का, फुप्फुसांना मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. म्हणून मर्क्सने बेल्जियममध्ये घरी, एका जागी उभ्या सायकलवर, तोंडाला मास्क लावून विरळ हवेत सराव केला.

आणि कोल्न्यागोने काम हातात घेतलं. फ्रेम तर मर्क्सच्या मापाची झालीच. खरी डोकेफोड होती एकेका पार्टची. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: हा भाग एक तास टिकेल का? टिकेल ना, मग अजून हलका करू.

चेनच्या एकेका पट्टीला भोकं पाडली. हँडललाही पाडली. टायर घेतले ते रेशमी धाग्यांचे, रिमवर चिकटवायचे. हँडल आणि चिमटा जोडणारा स्टेम टायटॅनियमचा हवा होता. टायटॅनियम पोलादापेक्षा खूपच हलकं, पण तापलं की हवेतला प्राणवायू शोषून ठिसूळ होतं, म्हणून ते जोडणं भलतंच अवघड. तो भाग आला अमेरिकेतून, डेट्रॉइटच्या पिनो मोरोनी या मूळच्या इटालियन कारागिराकडून.

आता गिअर. ट्रॅकच्या सायकलला एकच गिअर असतो आणि फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. म्हणजे ही निवड एकदाच करायची, मग तासभर तिच्याबरोबर जगायचं. मर्क्सने पुढे ५२ दात, मागे १४ दात घेतले. पॅडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ ८ मीटर पुढे जाते. हिशोब केला तर त्या तासात त्याच्या पायांनी साधारण ६,२०० फेऱ्या मारल्या. मिनिटाला शंभरच्या वर. न थांबता.

२५ ऑक्टोबर १९७२. मर्क्स सुरुवातीपासूनच सुसाट सुटला. वाटेत १० आणि २० किलोमीटरचे विक्रमही मोडले. मग वेग थोडा उतरला आणि उरलेला वेळ नुसता सोसण्याचा होता. तास संपला तेव्हा अंतर होतं ४९.४३१ किलोमीटर. रिटरपेक्षा ७७८ मीटर जास्त. तो सायकलवरून उतरला तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हतं. या विक्रमाच्या वाटेला तो पुन्हा कधीच गेला नाही.

भोकांचा उपयोग झाला का?

इथे एक गंमत आहे. सपाट ट्रॅकवर, जवळजवळ एकसारख्या वेगाने जाताना सायकलचं वजन फारसं आडवं येत नाही. चढावर येतं, वेग वाढवताना येतं. पन्नासच्या वेगाला नव्वद टक्क्यांहून जास्त ताकद खाते ती समोरची हवा. म्हणजे कोल्न्यागोने जिवापाड मेहनत करून जे वाचवलं, त्याचा मोठा फायदा पहिल्या काही सेकंदांतच झाला असणार.

१९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने नेमका हा प्रश्न बदलला. त्याच मेक्सिको सिटीत तो भरीव चकतीसारखी चाकं आणि अंगाला चिकटून बसणारा पोशाख घेऊन उतरला. वजनाचा हट्ट सोडून त्याने हवेचा विचार केला. अंतर झालं ५१.१५१ किलोमीटर.

मग १९९३. स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. पाठीशी ना मोठा संघ, ना पैसा. त्याने फ्रेम स्वतःच्या हाताने बनवली. हात छातीखाली दुमडून बसायची पद्धतही त्याचीच. दोन्ही पॅडलमधलं अंतर कमी करायचं होतं, तर त्यासाठी बेअरिंग घेतलं वॉशिंग मशीनमधलं! गुडघे आपटू नयेत म्हणून नेहमीची वरची दांडीच काढून टाकली. नॉर्वेतल्या हामार गावात पहिल्या दिवशी तो त्याच नमुन्यावर दुसऱ्या नामांकित कारागिराने बनवलेली चकचकीत सायकल घेऊन उतरला, आणि हरला. दुसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, तो पुन्हा ट्रॅकवर आला. या वेळी आपली जुनी, स्वतः बनवलेली सायकल घेऊन. आणि ५१.५९६ किलोमीटर! सहाच दिवसांत इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला, पण गोष्ट लक्षात राहते ती ओब्रीचीच.

पुढे सायकली इतक्या बदलल्या, की विक्रम माणसाचा की यंत्राचा असा वाद पेटला. शेवटी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने घड्याळाचे काटे मागे फिरवले. ठरलं असं, की विक्रम हवा असेल तर मर्क्सच्या काळासारखीच सायकल घ्यायची. गोल नळ्या, खाली वळलेलं हँडल, स्पोकची चाकं. आणि मोडायचं अंतर, पुन्हा तेच ४९.४३१.

बोर्डमन मँचेस्टरच्या बंदिस्त ट्रॅकवर उतरला. अठ्ठावीस वर्षांचं विज्ञान, नव्या पद्धतीचा सराव, सगळं हाताशी. तास संपला तेव्हा अंतर होतं ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. मँचेस्टरला मेक्सिकोची विरळ हवा नव्हती, हे खरं. तरीही दहा मीटर! तीन रिक्षा आणि एक बाइक एकामागे एक उभ्या केल्या की भरतात तेवढे.

नंतर २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. २०२२ मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर अंतर कापलं. त्याची फ्रेम धातूची, थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, आणि हँडल त्याच्या हातांच्या मापाचं. ज्योत गेली, प्रिंटर आला. माप घेणं काही सुटलं नाही.

मग आपण काय घ्यायचं यातून?

उद्या तुम्ही स्वतःसाठी फ्रेम बनवून घ्यायला निघालात, तर बहुतेक जण सुरुवात पार्ट्सपासून करतील. कुठले गिअर, कुठली कंपनी, किती हलकी. चांगला कारागीर उलट्या बाजूने विचारतो. कशासाठी? किती वेळ? रोज ऑफिसला जायचंय, की घाट चढायचाय? पाठ दुखते का? आधी कधी पडला होतात का? त्यातून फ्रेम ठरते. मग शरीराला टेकणारे तीन भाग: सीट, हँडल, पॅडल. मग चाकं आणि टायर. गिअरचा चकचकीत डबा सगळ्यात शेवटी.

कारण कोल्न्यागोची भोकं पाडलेली चेन फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर होती. तो प्रश्न तुमचा नसेल, तर ती चेन तुमच्या काय कामाची? आठवड्यात तुटेल.

आणि मर्क्सचं पुढे काय झालं? खेळणं थांबवल्यावर त्याने १९८० मध्ये ब्रुसेल्सजवळ, माइझेला स्वतःचा फ्रेम बनवायचा कारखाना काढला. काम शिकवायला मदतीला होता उगो दे रोझा, मिलानचाच आणखी एक नामवंत कारागीर. आयुष्यभर ज्याने सीट वर-खाली केली, तो आता दुसऱ्यांची मापं घ्यायला लागला.

ती तासाभराची सायकल मात्र आजही शाबूत आहे. ब्रुसेल्सच्या मेट्रोत एडी मर्क्स नावाचंच एक स्टेशन आहे. तिथे प्लॅटफॉर्मवर काचेआड ती उभी आहे. एका तासासाठी बनवलेली, आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी न मोडलेली. कधी तिकडे गेलात, तर एक मेट्रो सोडा आणि बघून या.

आजच्यापुरतं एवढंच. तुमची सायकल तुमच्या मापाची आहे का, हे एकदा तपासा. निदान सीटची उंची तरी! भेटू पुढच्या भागात.