माथ्यावरचे ओझे : बोरघाट आणि अवजड यंत्रांची वाहतूक

मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर कोणी येऊ नये याची एक यादी आहे. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस या सर्वांना तेथे मज्जाव आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने या यादीत वावगे काही नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती शेवटाकडून वाचून पाहावी. आधी पायी माणूस, मग बैलगाडी, मग ट्रॅक्टर. ज्यांनी बोरघाट चढण्याजोगा केला, किंवा चढून दाखवला, त्यांचीच ही नामावळी आहे. मावळातला ट्रॅक्टर खोपोलीच्या बाजूला कामावर न्यायचा झाला, तर तो जुन्या रस्त्याने तरी न्यावा लागतो, नाहीतर ट्रकच्या पाठीवर चढवून. पाठीवर बसलेल्या ट्रॅक्टरला मनाई नाही. स्वतःच्या चाकांवर चालणारे यंत्र वर्ज्य आणि ओझे झालेले यंत्र ग्राह्य, असा हा नियम आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस या ओझ्याविषयीच काही सांगावयाचे आहे.

ओझ्याचे दोन प्रकार मानता येतील. एक वाटून घेता येणारे आणि दुसरे वाटून न घेता येणारे. मीठ, तांदूळ, कापड, तेल ही पहिल्या प्रकारची ओझी. शंभर मणांचे मीठ शेपन्नास बैलांच्या पाठीवर विभागले की ते कोणत्याही पायवाटेने घाट चढते. सातवाहनकाळी कोकणातली बंदरे आणि देशावरची गावे यांच्यातला व्यापार अशाच रीतीने चालला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, ती याच वाटेच्या समृद्धीची खूण होय. लमाणांचे तांडे पुढे शतकानुशतके हेच करीत राहिले. या ओझ्याला रस्ता लागत नाही, वाट पुरते. तोफेची नळी किंवा इंजिनाचा बॉयलर मात्र वाटून घेता येत नाही. तो सबंध चढतो, नाहीतर चढतच नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की बोरघाटातील प्रत्येक नवा रस्ता हा प्रवाशाच्या सोयीपेक्षा त्या त्या काळातील सर्वांत जड अशा एकसंध वस्तूसाठी झाला. आणि तसा रस्ता होईपर्यंतच्या काळात ती वस्तू माणसांनी आणि बैलांनी ओढून वर नेली.

पहिले ठळक उदाहरण १७७८–७९ सालचे. रघुनाथरावांस पेशवेपदावर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांचे सैन्य पनवेलला उतरून बोरघाटाने वर आले. लढणारी माणसे चार हजारांच्या आत; त्यांच्यासोबत तोफा, गाडे आणि रसद ओढणारे बैल मात्र ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे एकोणीस हजारांहून अधिक. एका शिपायामागे चार-पाच बैल, असे हे प्रमाण आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर जमलेले हे सैन्य तळेगावला पोहोचले ९ जानेवारी १७७९ रोजी. आज तेवढे अंतर गाडीने तासाभरात तोडले जाते. मराठ्यांनी समोरासमोरच्या निर्णायक लढाईपेक्षा या लांबलचक, जड शेपटीलाच त्रास देण्याचे धोरण ठेवले. चारा जाळला, रसद तोडली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला; आमच्या लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून स्मरणात ठेवले आणि वडगावला त्याचे स्मारकही आहे. अखेर ११ जानेवारीच्या रात्री माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या. ज्या तोफा घाट चढवण्यासाठी हजारो बैल झिजले, त्या परत उतरवण्याची ताकद उरली नव्हती. वडगावच्या तहाचा इतिहास आपण मुत्सद्देगिरीचा म्हणून वाचतो. तो वाहतुकीचा इतिहास म्हणूनही वाचता येतो, आणि तसा वाचला असता त्यातील पराभवाचे एक कारण अधिक स्पष्ट दिसते.

इंग्रजांनी हा धडा लक्षात ठेवला. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने पनवेल–पुणे मार्ग तोफांना योग्य असा करून घेतला. तरीही घाटाची चढण मोडली नव्हती. १८२५ साली या वाटेने गेलेला बिशप हेबर लिहितो, की रस्ता रुंद व चांगला आहे, पण इतका उभा की भरलेली गाडी चढू शकत नाही. माल सगळा बैलांवर किंवा घोड्यांवर जातो. म्हणजे सैन्य प्रसंगी शेकडो हात लावून तोफ चढवी, पण नेहमीचा व्यापार मात्र जुन्याच पद्धतीने चाले. गाडीला गाडीच्या चाकांवर चढू देणारा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत झाला. कॅप्टन ह्यूजच्या देखरेखीखाली १८३० च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला रस्ता खुला झाला. या रस्त्यामुळे बैलाच्या पाठीवरचे ओझे त्याच्या मानेवर आले. पाठीवर जेवढे वाहता येते त्याच्या कितीतरी पट ओझे जुवाखाली ओढता येते, हे खरे. पण चढणीवर गाडी मागे सरकू लागली की ते सारे बैलाच्या मानेशी आणि चाकामागे दगड लावणाऱ्या माणसाच्या हाताशी येऊन थांबते. हा चाकामागचा दगड वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

यानंतरचा टप्पा आमच्या विषयाला सर्वांत जवळचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेने जोडलेला नव्हता. जवळजवळ पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. प्रवाशांची ही हकीकत पुष्कळ ठिकाणी आढळते. तिच्यात दडलेला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : खंडाळ्याला जी ‘दुसरी गाडी’ उभी असे, तिचे इंजिन तेथे आले कसे? इंजिने विलायतेहून मुंबई बंदरात उतरत. घाटावर रूळ नव्हते. तेव्हा इंजिनाचे सुटे भाग, बॉयलर, चाके, डब्यांचे सांगाडे आणि शेकडो टन रूळ हे सारे माल्कमच्या गाडीरस्त्यानेच वर गेले असले पाहिजे. दुसरा मार्गच नव्हता. पुण्यात जी आगगाडी बैलगाडीच्या युगाचा शेवट करणारी म्हणून आली, ती स्वतः बैलांनी ओढून आणलेली होती. प्रगतीच्या कथेत नवे साधन जुन्याला हटवून येते असे आपण शिकवतो. येथे नवे साधन जुन्याच्या खांद्यावर बसून आले, आणि उतरल्यावर त्याने त्या खांद्याकडे मागे वळून पाहिले नाही.

रेल्वेच्या घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल, शिवाय मध्ये गाडीची दिशा उलटवण्याचे एक स्थानक. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पहिला कंत्राटदार फॅविएल याच्या काळात, १८५९ च्या आरंभी, मजुरीवरून कामावर दंगा झाला आणि त्याने कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालू ठेवले. १८६१ च्या जानेवारीत या डोंगरावर बेचाळीस हजार माणसे काम करीत होती. पटकीच्या साथींनी त्यांतली किती गेली, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाट खुला झाला. त्या समारंभाचा वृत्तान्त उपलब्ध आहे. ज्यांनी सुरुंगाची दारू, चुना, दगड आणि पिण्याचे पाणीसुद्धा कड्यावर वाहून नेले, त्यांचा एकही वृत्तान्त त्यांच्या शब्दांत उपलब्ध नाही.

विसाव्या शतकात लोणावळ्याभोवती ओझ्याची दिशा काही काळ बदलली. वळवण, लोणावळा आणि शिरवता येथील तलावांचे पाणी नळांतून खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली वीज निर्माण केली. येथे जे वजन कामाला लागले ते वरून खाली पडणाऱ्या पाण्याचे होते. १९२९ मध्ये घाटातील रेल्वेचे विद्युतीकरण झाले, मार्गाची आखणी बदलली आणि गाडी उलटवण्याचे ते जुने स्थानक बंद पडले. तरी चढण चढणच राहिली. अजूनही जड गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. ‘बँकर’ म्हणून ओळखली जाणारी ही इंजिने लोणावळ्याला सुटतात आणि गाडी पुढे निघून जाते. प्रवाशांपैकी फार थोड्यांचे त्यांच्याकडे लक्ष जाते.

२००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि घाट ट्रेलरांच्या मापाचा झाला. माल्कमच्या काळातील, १८३० चा म्हणून ओळखला जाणारा अमृतांजन पूल या नव्या वाहतुकीच्या वाटेत उभा होता; एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता मोकळा असताना, तो पाडण्यात आला. बैलगाडीसाठी बांधलेला पूल आणि बैलगाडी यांना या वाटेवरून जावे लागले ते असे, दोघांनाही.

आज मावळात यंत्रेच यंत्रे फिरताना दिसतात. भातखाचरांत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर, बंगल्यांच्या जागा सपाट करणारे जेसीबी आणि रोलर, हिरवळी राखणाऱ्यांची गवत कापण्याची मोठी यंत्रे. यांतले एकही एका जागी राहत नाही. हे काम संपले की ते काम. आज कामशेत, उद्या पवनानगर, परवा घाटाखाली. यंत्राच्या आयुष्याचा बराच भाग असा दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर जातो, आणि त्याचे कसब निराळेच आहे. ट्रकची मागची बाजू मातीच्या उंचवट्याला टेकवायची, लोखंडी फळ्या टाकायच्या, ट्रॅक्टर सरळ रेषेत हळूहळू वर घ्यायचा. साखळदंड असे आवळायचे की वळणावर वजन एका अंगाला जाणार नाही. घाटात गाडी थांबलीच तर क्लीनर आधी उडी मारतो आणि मागच्या चाकाला दगड लावतो. १८३० च्या गाडीवानाचा दगड तो हाच. इंजिनाची ताकद कितीही वाढली असली, तरी शेवटचा भरवसा अजून एका माणसाच्या चपळाईवर आणि रस्त्याकडेच्या दगडावर आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या साऱ्याकडे का पाहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर भाषेतून सुरू होते. मराठीत डोंगराच्या शिखरालाही ‘माथा’ म्हणतात आणि डोक्यालाही. घाटमाथ्यावर चढवलेले ओझे बहुधा कोणाच्या तरी माथ्यावरूनच चढलेले असते. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत ज्यांनी डोक्यावर ओझी वाहिली, ते बहुतांशी घाटावरच्या जिल्ह्यांतले, विशेषतः साताऱ्याकडचे लोक. त्यांना शहराने ‘घाटी’ हे नाव दिले. ज्या घाटाने हे शहर पोसले त्याच्यावरून बनलेला हा शब्द हिणवण्याचा व्हावा, यात एक संपूर्ण सामाजिक इतिहास आहे. दुसरा शब्द, ‘माथाडी’, हा त्यांनी स्वतः मानाने धारण केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील संघटनेच्या लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणे हा हक्क सांगता येणारा धंदा ठरला. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. एक वाहणाऱ्याला तो कोठून आला यावरून ओळखतो, दुसरा तो काय करतो यावरून.

आपल्या ललित लेखनात खंडाळ्याचा घाट पुष्कळ येतो; धुके, धबधबे, पावसाळी सहल आणि आगगाडीची खिडकी यांच्या रूपाने येतो. ही सारी दृष्टी खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याची आहे. चाकाच्या मागे उभे राहून वर पाहणाऱ्याला घाट कसा दिसतो, हे त्या मानाने फार थोडे लिहिले गेले.

लोकांनी मात्र ते आपल्या परीने सांगून ठेवले आहे. जुन्या रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. कथा अशी, की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली जनावरे ज्या वाटेने जात ती वाट त्यांना दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने आमच्या मुलखाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा गाडीरस्त्याची की रेल्वेची, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही, आणि आमच्या मते ते आवश्यकही नाही. अभिलेखांत बर्कली आहे, ह्यूज आहे, माल्कम आहे. वाट दाखवणारा नाही. ती रिकामी जागा या कथेने भरली. त्या देवळासमोर ट्रकवाले अजूनही गाडीचा वेग कमी करून नाणे टाकतात. पाठीवर ट्रॅक्टर किंवा रोलर घेऊन चढणाऱ्या चालकाला कॅप्टन ह्यूजचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. शिंग्रोबाचे असते.