कंदीलपुष्प : एका नावाची कुळकथा

मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशीलचा किनारा हा समुद्र आणि खाडी यांच्यामधला वाळूचा पट्टा आहे आणि तेथे मर्यादवेलीचे राज्य चालते. आत गेल्यावर मात्र जांभ्या दगडाचे उघडे माळ, म्हणजे कोकणातले सडे, सुरू होतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अशाच सड्यांवरून २००६ साली शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी यांनी कंदीलपुष्पाची एक नवी जात नोंदवली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांच्या सन्मानार्थ तिला ‘सेरोपेजिया मोहनरामी’ असे नाव दिले.

सेरोपेजिया, म्हणजेच कंदीलपुष्प, ही रुईच्या कुळातली प्रजाती असून तिच्या भारतीय जातींपैकी बहुसंख्य सह्याद्रीच्या परिसरात आढळतात. त्यांतील कंद धरणाऱ्या जातींचे खोड पाऊस सरल्यावर वाळून जाते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या कातळावरच्या वीतभर मातीत झाड केवळ कंदाच्या रूपाने जगते. स्थानिक लोकांनी काही जातींना खरपुडी, हमण अशी नावे दिली ती बहुधा या खाण्याजोग्या कंदाच्या ओळखीतून. फुलाचे कौतुक पुढच्या काळातले. बहुतेक जातींत फूल म्हणजे एक उभी नळी असते, आणि तिच्या तोंडावर पाच पाकळ्यांची टोके जुळून पिंजरा तयार होतो. आत शिरलेल्या चिमुकल्या माशीला नळीतले खाली वळलेले केस परत फिरू देत नाहीत, आणि ते केस कोमेजल्यावर ती परागपुंज (परागकणांची चिकटलेली गाठोडी) घेऊन सुटते.

कंदिलासारख्या या आकारावरून पडलेले मराठी नाव अगदी घरगुती वाटते, पण त्याचे कूळ लांबचे आहे. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने केरळातील वनस्पतींवर सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथमालेत या प्रजातीतली एक वेल चितारलेली आहे, आणि तिच्याच आधारे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली ‘सेरोपेजिया कँडेलाब्रम’ हे नाव दिले. त्यातील पहिले पद ग्रीकमधील ‘मेण’ आणि ‘झरा’ या अर्थांच्या शब्दांपासून घडले आहे, तर दुसऱ्याचा अर्थ दीपवृक्ष. झुंबरावरच्या मेणबत्त्यांसारखा फुलांचा घोस पाहून ते सुचले असावे. ‘कँडेलाब्रम’च्या मुळाशी लॅटिन ‘कँडेला’ (मेणबत्ती) आहे, आणि तोच शब्द ग्रीकमार्गे अरबीत ‘किंदील’ होऊन फारसीच्या वाटेने मराठीत ‘कंदील’ म्हणून उतरला. म्हणजे स्वीडनमधल्या पंडिताने एका जातीला आणि मराठी बोलणाऱ्यांनी साऱ्या प्रजातीला एकमेकांचा विचार न घेता एकाच धातूचे नाव दिले, फक्त एकाला मेणबत्ती दिसली आणि दुसऱ्याला तिच्याभोवतीची जाळी; निरीक्षण म्हणून दुसरे अधिक नेमके मानावे लागेल.

सड्यांवर आज चिरेखाणी आणि हापूसच्या नव्या बागा वाढत आहेत. चिरा कापण्यापूर्वी कातळावरची माती खरवडून काढतात, आणि कंद असतो तो त्याच मातीत.