पाखरांच्या मुंडक्यांचा जमाखर्च

उपद्रवी पाखरांना दाण्यांचे आमिष दाखवून बंदुकीच्या टप्प्यात आणावे की नाही, हा प्रश्न आज आपण कायद्याच्या आणि नीतीच्या दृष्टीने चर्चितो. परंतु इंग्लंडच्या इतिहासात असा एक काळ होऊन गेला आहे की, त्या काळी पाखरांना भुलवणे हा गुन्हा तर नव्हताच, उलट ते रयतेचे कर्तव्य मानले जात असे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३२ साली, कावळे, रूक आणि त्यांच्या कुळातले इतर काळे पक्षी यांच्या संहारासाठी पार्लमेंटने कायदा केला. ज्या वस्तीत दहा किंवा अधिक उंबरे असतील तिने पक्षी धरण्याचे जाळे स्वखर्चाने बाळगावे आणि भूस किंवा तत्सम पदार्थ पसरून पाखरे उतरतील अशी जागा सिद्ध ठेवावी, असे त्यात फर्मावले होते. लोकसंख्या वाढत होती, धान्याचे भाव चढत होते, आणि एखादे पीक बुडाले तर गरिबाच्या घरी उपासमार ठरलेली असे. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या फर्मानामागची भीती खोटी नव्हती, हे मान्य करावे लागते.

पुढे एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १५६६ साली, धान्यरक्षणाचा दुसरा कायदा झाला आणि या संहाराला रीतसर दप्तर लाभले. चर्चच्या कारभाऱ्यांनी काही गावकऱ्यांना सोबत घेऊन जमीनधारकांवर पट्टी बसवावी, जमलेली रक्कम दोन विश्वासू गृहस्थांच्या हाती द्यावी, आणि जो कोणी मारलेल्या पक्ष्यांची मुंडकी रुजू करील त्याला त्यांनी इनाम चुकते करावे, अशी ती तजवीज होती. मोठ्या कावळ्यांच्या तीन मुंडक्यांना एक पेनी, न फुटलेल्या सहा अंड्यांना एक पेनी, साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगच्या बारा मुंडक्यांना एक पेनी, असा दर ठरलेला होता. खंड्यासारखा, धान्याच्या कणालाही न शिवणारा पक्षीसुद्धा त्या यादीतून सुटला नव्हता. एकच मुंडके दोनदा दाखवून दोनदा पैसे उचलले जाऊ नयेत म्हणून मोजणी झाल्यावर ती सारी मुंडकी कारभाऱ्यांसमक्ष जाळून किंवा तुकडे करून नष्ट करावीत, इथपर्यंत या कायद्याची दक्षता पोहोचली होती.

दक्षता होती ती पैशाच्या हिशेबाची. ते पाखरू कोणाच्या शेतात उतरले, त्याने किती कणसे खाल्ली, किंबहुना ते शेताकडे फिरकले तरी होते काय, याचा कोणताही दाखला त्या मुंडक्यावर नसे आणि कोणी मागतही नसे. चिमण्यांच्या डोक्यांवर डझनाच्या भावाने दिलेले इनाम त्या चर्चच्या खतावण्यांत पुढे शतकानुशतके नोंदलेले आढळते. आणि बंदूक खेडोपाडी पोहोचल्यावर तर कडाक्याच्या हिवाळ्यात, बर्फाने सारे रान झाकून गेले असता, धान्याच्या खळ्यालगतची जागा झाडून तिथे एका रेषेत दाणे टाकण्याची युक्ती रूढ झाली, जेणेकरून भुकेने व्याकूळ झालेली पाखरे ओळीने बसावीत आणि एका बाराने त्यांतली शक्य तितकी लोळावीत. पीक शेतात नाही, कोंब जमिनीत गाडलेला आहे, अशा वेळी मारलेल्या त्या चिमणीची कसूर काय होती? तिच्यापुढे टाकलेला दाणा तिने उचलला, एवढीच.

माझ्या मते या प्रश्नाची सारी नैतिक गाठ इथेच आहे. उभ्या पिकावर पडलेला थवा शेतकऱ्याने मारला तर त्यात निदान स्वसंरक्षणाचा अंश असतो. परंतु जो पक्षी दुसऱ्या शिवारात निर्वेध चरत होता त्याला दाणे टाकून आपल्या शिवारात बोलवायचे आणि मग उपद्रवी म्हणून मारायचे, यात अपराध घडवणारा आणि शिक्षा देणारा एकच असतो.

इंग्लंडच्या कायद्याने पुढे हळूहळू पवित्रा बदलला, पण तो या अंगाने नव्हे. १८६३ साली विषारी धान्य विकण्यास व रानात टाकण्यास बंदी झाली; विष पाखरापाखरांत भेद करीत नाही, हे त्यामागचे उघड कारण. १९५४ च्या आणि नंतर १९८१ च्या कायद्याने विष, गुंगी आणणारे पदार्थ, आणि बांधून ठेवलेला किंवा आंधळा, जायबंदी केलेला जिवंत पक्षी भुलवणीसाठी वापरणे निषिद्ध ठरवले. साधा, निर्विष दाणा मात्र १९८१ च्या त्या निषेधाच्या कलमात उल्लेखिलेला नाही. रानकबुतरे, कावळे यांना मारण्याचे सर्वसाधारण परवाने पिकांची गंभीर हानी टाळण्यासारख्या मोजक्या कारणांवर आधारलेले असत. २०१९ साली ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने त्यांच्या वैधतेला आव्हान दिले, तेव्हा ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेला तीन परवाने मागे घ्यावे लागले आणि नंतर नव्या अटींसह परवाने काढण्यात आले. हानी टाळण्यासाठी मिळालेला परवाना हाती घेऊन ओसाड जमिनीवर धान्य पसरणे हे त्या परवान्याच्या हेतूशीच विसंगत आहे, असे मला निःसंशय वाटते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याची रीत या बाबतीत अधिक सरळ होती. जोंधळा हुरड्यावर आला की शेतात चार मेढी रोवून माळा उभारायचा, पहाट फुटण्याआधी त्यावर चढायचे, आणि थवा उतरू लागताच हाळी घालून गोफणीतून धोंडा भिरकावायचा. धोंड्याने क्वचित एखादे पाखरू मरतही असेल, पण राखणदाराचे काम पाखरू उठवण्याचे, बोलावण्याचे नव्हे.

भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत ठार मारणे, विष घालणे, फास लावणे यांच्या जोडीला आता आमिष दाखवणे हेही स्पष्टपणे आहे, म्हणजे बार न काढताही शिकार घडू शकते हे तत्त्व मान्य झाले आहे. मात्र त्याच कायद्याने साध्या कावळ्याला पाचव्या परिशिष्टात उंदीर-घुशींच्या पंक्तीस बसवून या संरक्षणाबाहेर ठेवले होते. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेले. तथापि एखाद्या वन्य प्राण्याला ठराविक प्रदेशापुरते आणि ठराविक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर करण्याचा केंद्र सरकारचा अधिकार बासष्टाव्या कलमाने अद्याप शाबूत आहे. आणि त्या कलमात प्रदेश व मुदत नमूद करण्याचे बंधन असले, तरी त्या जिवाला कोणत्या मार्गाने मारावे आणि कोणत्या मार्गाने मारू नये, याविषयी एक अक्षरही नाही.