तारीख गुरुवारची, कळा रविवारी

शाळेत रोमचा विषय निघाला की एखादी मुलगी हमखास हात वर करायची. "बाई, ज्युलियस सीझर आईचं पोट कापून जन्मला, म्हणून त्याला सिझर म्हणतात ना?" वर्गात खसखस पिकायची. मी तिला उलट विचारायची, "मग त्याची आई ऑरेलिया कधी वारली, सांग बघू." ऑरेलिया वारली इ. स. पू. ५४ मध्ये. तेव्हा तिचे चिरंजीव चाळिशी ओलांडून गॉलमध्ये लढाया मारत होते. पोट कापलेली बाई जगून वाचून मुलाचा पराक्रम बघेल, असा तो काळच नव्हता. रोममध्ये खरा होता तो एक कायदा, नुमा पाँपिलिअस राजाच्या नावावर सांगितला जाणारा. गरोदर बाई मेली, तर मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही. 'सिझर' हा शब्द बहुधा कापणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरूनच आला. असो, शब्दाचं एवढं पुरे.

मला आज लिहायचंय ते वेळेबद्दल. पोट कापायचं, पण कधी? हल्ली डॉक्टर आधीच तारीख देतात. बॅग भरून होते, रजा टाकून होते, आणि तारखेच्या चार दिवस आधीच बाईला कळा सुरू होतात. मग घरात एकच धांदल. सगळं ठरलेलं बिघडलं असं वाटतं. पण या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला जाणवलं, की हा सगळा इतिहास म्हणजे 'कधी' या एका प्रश्नाभोवतीच घातलेल्या प्रदक्षिणा आहेत.

पहिलं उत्तर होतं, आई गेल्यावर. आपल्याकडेही तेच. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात मूढगर्भाचा अध्याय आहे. दिवस भरलेली बाई मरण पावली आणि तिच्या कुशीत हालचाल दिसली, तर वैद्यानं त्याच क्षणी पोट उघडून मूल काढावं, असं तिथे सांगितलंय. चाणक्य आणि बिंदुसाराची कथा तर आपण सगळ्यांनी ऐकलेली. विषबाधेनं राणी गेली आणि चाणक्यानं तिचं पोट चिरून बाळ बाहेर काढलं. जैन परंपरेत विषाचा एक थेंब बाळाच्या माथ्याला लागला म्हणून तो बिंदुसार. पण सिंहली बौद्ध परंपरेतली कथा मला जास्त आवडते. तिच्यात बाळंतपणाला सात दिवस उरलेले असतात. म्हणून चाणक्य ते बाळ रोज एका ताज्या मारलेल्या शेळीच्या पोटात ठेवून सात दिवस पुरे करतो, आणि शेळ्यांच्या रक्ताचे ठिपके अंगावर उठले म्हणून नाव बिंदुसार! ही दंतकथाच आहे, इतिहास नव्हे. पण कथा रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मूल बाहेर काढता येतं, दिवस मात्र भरावे लागतात.

दुसरं उत्तर युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दिलं, आणि ते फार भयंकर होतं. सगळे उपाय थकल्यावर! बाई दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा देत पडलेली. आधी सुईण, मग एक डॉक्टर, मग दुसरा, चिमटे लावून झालेले, न धुतलेले हात आत जाऊन आलेले, पाणमोट फुटून किती वेळ झाला याचा हिशेब नाही. आणि मग सुरी. बाई जगायची कशी? रक्तस्रावानं नाहीतर तापानं जायची, आणि डॉक्टर म्हणायचे, शस्त्रक्रियाच घातक.

हा दोष सुरीचा नसून उशिराचा आहे, हे आकडे मांडून सांगणारा एक माणूस फिलाडेल्फियात होता, डॉ. रॉबर्ट हॅरिस. त्यानं विलक्षण गोष्ट केली. गाई-बैलांनी शिंग खुपसून ज्यांची पोटं फाडली, अशा गरोदर बायकांच्या नोंदी गोळा करून १८८७ मध्ये छापल्या. आणि त्यातून दिसलं काय, तर शिंग लागलेल्या बायका डॉक्टरांनी कापलेल्या बायकांपेक्षा जास्त प्रमाणात वाचल्या होत्या. का? कारण बैलाची शिकार झालेली बाई धडधाकट असायची. तिच्या अंगात तीन दिवसांच्या कळांचा थकवा नव्हता, विष भिनलेलं नव्हतं. हॅरिसचं सांगणं एवढंच, की कापायचंच असेल तर लवकर कापा, बाईत जीव आहे तोवर.

फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आठवते आनंदीबाई जोशी. हॅरिस हे सगळं मांडत होता त्याच काळात ती त्याच शहरात शिकत होती. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि प्रबंधाला तिनं विषय घेतला होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. तिनं हाच विषय का घेतला, ते वेगळं सांगायला नको.

आता तिसरं उत्तर, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. इटलीत पाव्हिया इथे एदुआर्दो पोरो नावाचा प्राध्यापक होता. १८७६ च्या एप्रिलमध्ये त्याच्याकडे ज्युलिया काव्हालिनी नावाची पंचवीस वर्षांची पहिलटकरीण आली. ठेंगणी, मुडदुसानं कंबरेचं हाड वाकलेलं. मूल खालून येणं शक्यच नव्हतं, हे मोजमापावरून आधीच ठरलं. म्हणजे हे ठरवून करायचं सिझर, अगदी आजच्यासारखं. पोरोनं सगळी सिद्धता केली, आणि मग काय केलं? वाट पाहिली. २१ मे रोजी कळा सुरू झाल्या आणि त्याच दिवशी त्यानं शस्त्रक्रिया केली. रक्त थांबावं म्हणून त्यानं गर्भपिशवीही काढून टाकली. किंमत मोठी होती, पण आई आणि मूल दोघंही जगली. पुढे १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगरनं गर्भपिशवीलाच टाके घालायची नीट पद्धत दाखवली. त्याआधी बहुतेक डॉक्टर पिशवी उघडीच सोडायचे, ती आपोआप आवळून मिटेल या भरवशावर! टाके आले आणि पिशवी वाचली.

ठरवलेल्या सिझरला कळांची वाट पाहण्याची ही पद्धत पुढेही बरीच वर्षं टिकली. त्यामागे कारणं होती. कळा सुरू झालेली पिशवी कापल्यावर चांगली आवळते, रक्त कमी जातं, असं जुन्या डॉक्टरांचं मत होतं. शिवाय पिशवीचं तोंड थोडं उघडलेलं असलं की बाळंतपणानंतरचा स्राव बाहेर पडायला वाट मिळते. तेव्हा कळ आली की लोक घाबरत नसत, उलट तीच डॉक्टरला हाक मारणारी घंटा होती. आज जिला आपण 'अचानक' म्हणतो, ती तेव्हाची ठरलेली वेळ!

मग तारीख आली कुठून? विसाव्या शतकातून. ग्लासगोच्या मन्रो कर यानं पिशवीच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रुजवली. त्यानं रक्त कमी जाऊ लागलं आणि व्रणही पूर्वीच्या उभ्या छेदापेक्षा पक्का भरू लागला. रक्तपेढ्या आल्या, पेनिसिलिन आलं, कंबरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करता येऊ लागलं. पिशवी आवळणारी औषधं हाताशी असताना कळांची गरज उरली नाही. रात्री दोनला धावपळ करण्यापेक्षा सकाळी नऊला भूलतज्ज्ञ, रक्त, बालरोगतज्ज्ञ सगळे हजर असताना केलेलं बरं, हे कुणालाही पटेल. आणि ज्यांचं पहिलं सिझर झालंय त्यांच्या बाबतीत जुन्या टाक्यांची भीती असतेच. जोराच्या कळांनी तो व्रण उसवला तर आई-मूल दोघांच्या जिवावर बेततं. एकदा सिझर झालं की पुढेही सिझरच, हा नियम न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिनच्या १९१६ च्या लेखापासून लोकांच्या तोंडी बसला. गंमत म्हणजे त्याला सांगायचं होतं ते हे, की म्हणूनच पहिलं सिझर उगाच करू नका. लोकांनी अर्धंच वाक्य लक्षात ठेवलं!

माझ्या धाकट्या लेकीचं पहिलं सिझरच होतं, बाळ पायाळू होतं म्हणून. दुसऱ्या वेळी, २००९ साली, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली गुरुवारची, एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याची. विहीणबाईंनी ज्योतिषीबुवांना विचारून दहा चाळीसचा मुहूर्तही काढून आणला. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "गुरुवार पाळते, घड्याळाचं बघू." आणि रविवारी रात्री दोनला लेक मला हलवून उठवते आहे. "आई, पोट दगडासारखं होतंय गं. दहा-दहा मिनिटांनी. गुरुवार आहे ना?" विहीणबाई सुंठीचा चहा टाकायला निघाल्या, तर तिनंच थांबवलं. कळा आल्या तर पाण्याचा घोटही न घेता निघायचं, असं तिला बजावलेलं होतं. (भूल दिल्यावर पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊन बाळंतिणी दगावतात, हे न्यूयॉर्कच्या मेंडेल्सननं १९४६ मध्ये दाखवलं. उपाशीपोटी राहायचं ते तेव्हापासून.)

जावईबापूंनी गाडी काढली. रस्ता रिकामा होता, पण मला तो संपता संपेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भराभर विचारलं. कळा केव्हापासून? पाणी गेलं का? रक्त? शेवटचं खाल्लं केव्हा? आणि एक प्रश्न दोनदा विचारला, "कळ नसताना जुन्या टाक्यांपाशी दुखतंय का?" लेकीनं नाही म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मी बाहेर बाकावर बसून रामरक्षा पुटपुटत होते आणि मध्येच विसरत होते. साडेचारला आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत! बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "आजी, कळा येऊन गेल्या ते एका परीनं बरंच झालं. छाती छान मोकळी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्याचं उत्तर न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या कळपात सापडलं. ऑकलंडचे डॉ. ग्रॅहम लिगिन्स १९६० च्या दशकात एकच प्रश्न घेऊन बसले होते, बाळंतपण सुरू कोण करतं? त्यांना आढळलं, की मेंढीच्या बाबतीत ते आई ठरवत नाही, पोटातलं कोकरू ठरवतं. त्याच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्यानं कळा सुरू होतात. आणि त्याच संप्रेरकानं कोकराची फुप्फुसंही पिकतात. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ज्यांनी जगायलाच नको होतं अशी कोकरं श्वास घेताना दिसली, तिथून हे कळलं. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईला आधी जे स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, ते तिथून आलं. माणसात कळांचं गणित मेंढीइतकं सरळ नाही, त्यात वारेचाही मोठा हात असतो. पण एवढं खरं, की पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात, आणि ते पाणी शोषून घ्यायला कळांच्या वेळची संप्रेरकं मदत करतात. कळांशिवाय आणि लवकर काढलेल्या बाळांना धाप जास्त लागते ती म्हणून.

म्हणून तर तारीख पुढे सरकली. इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २००४ मध्ये सांगितलं, की खास कारण नसेल तर ठरवलेलं सिझर एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी करू नये. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं, की पुन्हा ठरवून केलेल्या सिझरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त त्याआधीच उरकली जात होती, आणि त्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होत होता. आता यातली मेख बघा. तारीख जितकी पुढे न्याल, तितक्या जास्त बायकांना तारखेआधी कळा येणार. दहातल्या एखादीला येतातच, हे तिथले डॉक्टर गृहीत धरूनच चालतात. बाळाच्या श्वासासाठी आईनं पत्करलेली ही जोखीम आहे. वार खाली असेल, पूर्वीचा छेद उभा असेल, तर हीच जोखीम फार मोठी होते, म्हणून तिथे डॉक्टर आधीची तारीख देतात. आणि कळा फारच पुढे गेल्या असतील, तर सिझर की नॉर्मल, हा प्रश्नही पुन्हा उघडावा लागतो. म्हणून तारीख मिळाली की डॉक्टरांना आणखी एक विचारून ठेवावं. आधीच कळा आल्या तर कुठे यायचं, कुणाला फोन करायचा, रात्री भूलतज्ज्ञ मिळतो का? गुरुवारच्या मुहूर्तापेक्षा या प्रश्नाची उत्तरं जास्त कामाची.

आपल्याकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सिझरनं झाली. खाजगी दवाखान्यांत तर जवळजवळ निम्मी. त्यातली किती पंचांग बघून झाली, याचा रकाना त्या पाहणीत नाही.

नातवाच्या बारशाला ज्योतिषीबुवा आले होते. दहा चाळीसच्या मुहूर्ताचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनी पहाटे साडेचारची नवी पत्रिका करून आणली होती. तीही राजयोगाचीच निघाली.